मामाचा दोष

चंदगडकडे लोक काजूसाठी जातात, धबधबे बघायला जातात, सोयरिकीला जातात. मी उंदीर पकडायला गेलो होतो. आमच्या घरात पाल निघाली की बायको शेजाऱ्यांना हाक मारते, कारण मी तोवर स्टुलावर चढलेला असतो. अशा माणसाला ज्यांनी या कामावर पाठवलं, त्यांची काय अडचण होती ते आधी सांगतो.

दोन हजार साल उलटून दोन-चार वर्षं झाली असतील. पुण्यातल्या एका प्रयोगशाळेत मी स्टोअरकीपर होतो. काचेच्या नळ्या, हातमोजे, पिंजरे हे सगळं माझ्या ताब्यात. मात्र पिंजऱ्यात पुढे काय शिरतं याच्याशी माझा कधी संबंध आला नव्हता. गणपतीच्या आदल्या आठवड्यात पिंजरे लावणारा आमचा माणूस गच्चीवरून घसरून पाय मोडून बसला आणि डॉक्टर सबनीसबाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, "लिमये, पिंजरा उघडायचा कसा ते तुम्हाला येतं ना?"

मी म्हणालो, "येतं."

"मग निघा."

काम असं होतं. चंदगड तालुक्यातल्या एका गावात मारुती नावाच्या तरुण शेतकऱ्याला मागच्या वर्षी गणपतीनंतर ताप भरला होता. डोळे लाल, कंबर धरलेली, आणि मग लघवीच बंद. कोल्हापूरच्या दवाखान्यात दोन-तीनदा यंत्रावर रक्त धुतलं तेव्हा गडी वाचला. नेहमीच्या तपासण्यांत काही सापडेना, म्हणून त्याचं रक्त आमच्याकडे आलं. बाईंना त्यात एका विषाणूच्या खुणा दिसल्या. हंटा त्याचं नाव. हा उंदराच्या अंगात राहतो, पण उंदराला काही करत नाही. उंदराची लघवी, लेंड्या वाळल्या की त्यांची धूळ होते आणि ती धूळ नाकातोंडात गेली की माणसाला धरतो. बाईंना आता दोन गोष्टी पक्क्या करायच्या होत्या: मारुतीच्या रक्ताची दुसरी तपासणी, आणि त्याच्या घरातल्या उंदरांचं रक्त. पहिलं काम पुण्यात चाललं होतं. दुसरं माझ्या गळ्यात पडलं.

कोल्हापूर ते चंदगड

बाई जीपनं पुढं गेल्या होत्या. मी वीस पिंजऱ्यांची दोन ओझी घेऊन कोल्हापूरच्या स्टँडवर उतरलो. चंदगडच्या यष्टीचा कंडक्टर त्या ओझ्यांकडे बघत म्हणाला, "कोंबड्या कुठं हायत?"

"कोंबड्यांचे नाहीत. उंदरांचे आहेत."

"पुण्यास्नं उंदरं आनलासा?"

"आणली नाहीत. न्यायचीयत."

कंडक्टरनं गाडीत वळून सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "पुण्यातली संपली म्हनं." गाडी हसली. मीही हसलो, कारण अजून चार तास त्यांच्याबरोबर बसायचं होतं.

गडहिंग्लजच्या पुढं पाऊस लागला. भाताची खाचरं दोन्ही अंगांनी हिरवीगार, मधूनच काजूची बुटकी झाडं, आणि प्रत्येक थांब्यावर डोक्याला इरलं नाहीतर खताची पिशवी घेतलेली माणसं. माझ्या शेजारी एक म्हातारी बसली होती. मांडीवर गणपतीच्या मखराचे रंगीत कागद. ते सावरत ती म्हणाली, "पावणं, एक सांगू? त्येचं नाव घेऊ नगासा."

"कुणाचं?"

"ज्येला धरायला चाललाय त्येचं. त्येला समदं ऐकू जातंय. नाव घेतलं की कापडं कुरतडतंय. आमच्याकडं मामा म्हनत्यात."

मी वहीत लिहून घेतलं: उंदीर म्हणायचं नाही, मामा म्हणायचं. आयुष्यात मी फार कमी सूचना इतक्या काटेकोरपणे पाळल्यात. आणि जी पाळली, तिनंच पुढं घोळ केला.

आबांचं घर

मारुतीचे वडील आबा. साठी ओलांडलेले, पांढऱ्या भरघोस मिशा, बोलणं असं की साधं 'बसा' म्हणाले तरी आपण काहीतरी गुन्हा केलाय असं वाटावं. आई आक्का, ती नवऱ्याच्या प्रत्येक वाक्याचं मवाळ भाषांतर करून देई. मारुती बारीक झालेला, कमी बोलणारा. एवढीच तीन माणसं घरात. पण दांडीवर एक लहानगं झबलं वाळत होतं. पाऊस नसेल तेव्हा आक्का ते आत-बाहेर करायची, आणि मला दोन दिवस कळेना की या घरात हे झबलं घालतं कोण.

बाईंनी आबांशी बोलणं करून ठेवलं होतं. आबांनी पिंजरे लावायला परवानगी दिली, पण एक अट घातली.

"धरा. पर उंदरी हुईस्तवर केसाला धक्का लावायचा न्हाय."

आता उंदरी म्हणजे काय ते सांगायला हवं. आपल्याकडे गणपती बसला की दुसऱ्या दिवशी ऋषिपंचमी. माझी आई त्या दिवशी बैलाच्या कष्टाचं काही खात नसे. कांदा-लसूण तर घराच्या आसपासही नाही. त्याच दिवशी चंदगडकडे गणपतीच्या वाहनाचा मान. गणपतीला मोदक झाले, आता ज्याच्या पाठीवर बसून तो आला त्याला काय? त्याला मटण. घरोघर मटण शिजतं, गणपतीपुढचा पडदा ओढून घेतात, आणि मामाला पान वाढतात. ही उंदरी. बैल, गाडी, ड्रायव्हर, कुणाला आपण पाहुण्याबरोबर असं जेवू घालतो, याचा मी विचार करत राहिलो. आमच्याकडे ड्रायव्हरला चहा बाहेर देतात.

बाई शेजारच्या गावांत ताप आलेल्यांची रक्तं गोळा करायला निघून गेल्या आणि उंदरीला परत येते म्हणाल्या. जाताना बजावून गेल्या: मास्क काढायचा नाही, हातमोजे काढायचे नाहीत, माळा झाडायचा नाही, आधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडायचं.

मी तोंडाला मास्क, डोळ्याला चष्मा, हातात कोपरापर्यंत मोजे असा अंगणात आलो तर आबा म्हणाले, "मध काढाय चाललाय जनू."

"ते म्हणतात, सांभाळून जावा," आक्का म्हणाली.

माळ्यावर

माळ्यावर भाताच्या कणग्या, जुनी टोपली, आणि इतका अंधार की माझा श्वासच मला दुसऱ्या कुणाचा वाटत होता. आमिष म्हणून प्रयोगशाळेनं शेंगदाण्याचं लोणी दिलं होतं, डबाबंद. एका हातात बॅटरी, एका हातात डबा, पिंजरा उघडायला तिसरा हात हवा होता. कोपऱ्यात काहीतरी सळसळलं. मी डबा टाकला. म्हणजे डबा हातातच राहिला, लोणी मात्र उडालं.

बॅटरी फिरवली तर लोणी सांडलेलं दिसलं एका गोणपाटावर. गोणपाट उचललं. खाली पांगुळगाडा होता.

नवा, फणसाच्या लाकडाचा, तीन चाकांचा. दांडा इतका घोटलेला की मोज्यातूनही मऊ लागावा. चाकं गुळगुळीत, तेल दिलेली. एका चाकावर माझं लोणी. मी ते घाईघाईनं मोज्यानं पुसलं, म्हणजे पसरलं, आणि वळलो तर शिडीवर आबा.

आबा गाड्याकडे बघेनात. माझ्याकडेही बघेनात.

"लाकूड हाय त्ये," ते म्हणाले. "नुसतं लाकूड."

मी गोणपाट परत टाकलं.

खाली आल्यावर आक्कानं चुलीपुढं बसून, भाकरी थापता थापता, सगळं सांगितलं. मागच्या वर्षी उंदरीच्या दिवशी त्यांची सून सुरेखा शिडीखाली भात कांडायला गेली. सातवा महिना संपत आलेला. टोपलीतनं एक मामा तिच्या पायावर पडला आणि दचकून तिनं हातातलं मुसळ घातलं. मामा जागेवर मेला. त्यानंतर पंधरवड्यात मारुती तापानं फणफणला. कोल्हापूरच्या दवाखान्याच्या पायरीवर आबांच्या तोंडून निघून गेलं, "मामाच्या सणाला मामाला मारलीस, त्यानं नवऱ्याला धरला." सुरेखा बाळंतपणाला माहेरी गेली. मुलगा झाला. आता दहा महिन्यांचा आहे. न्यायला माणूस गेल्याशिवाय सून परत यायची नाही, ही रीत. आणि माणूस पाठवायचा तर आबांनी. आबा काही पाठवेनात.

"बोलायला एक पळ लागला," आक्का म्हणाली. "गिळायला वरीस झालं, अजून घशातच हाय."

"आणि मारुती?"

"त्यो बापाफुडं बोलतुय व्हय."

दुसऱ्या दिवशी सकाळी सगळे पिंजरे रिकामे. शेंगदाण्याचं लोणी जसंच्या तसं. मी ओसरीत खट्टू होऊन बसलो. समोर एका ताटलीत तिळाचं तेल आणि गूळ लावून भाजलेले भाकरीचे तुकडे ठेवलेले होते. आक्काचा जीव मोठा. मी सगळे खाल्ले. फारच छान लागले. आक्का बाहेर आली, ताटली बघितली, आणि पदरानं तोंड झाकलं.

"मामाचं खाल्लासा की हो, पावणं."

पलीकडून आबांचा पहिल्यांदाच हसण्याचा आवाज आला. तो मी आजही माझ्या नोकरीतल्या मोठ्या यशांत धरतो. आक्कानं नवीन तुकडे भाजले, आणि त्या रात्रीत सहा मामा सापडले.

मारुतीचा साळुता

सहा पिंजरे गोठ्याशेजारच्या खोपीत ठेवले. अट अशी की केसाला धक्का लावायचा नाही, म्हणून मी, ज्यानं घरच्या पोपटालाही कधी पेरू दिला नाही, सहा उंदरांना चिमट्यानं दाणापाणी करत होतो. मारुती दारात उभा राहून बघायचा.

हरतालिकेचा दिवस होता. मी जमीन झाडण्याआधी ब्लीचिंगचं पाणी शिंपडत होतो. तो म्हणाला, "ह्ये कशापायी?"

मी बाईंचं व्याख्यान त्याला जसंच्या तसं ऐकवलं. सुकं झाडायचं नाही. धूळ उडते, ती नाकात जाते, आणि बंद जागेत तर जास्तच. दारं-खिडक्या आधी उघडायच्या, मग पाणी, मग केर.

मारुती खाली बसला. 

"कुनाला सांगनार न्हाईसा?"

"नाही."

"गेल्या साली माळा मी झाडला."

त्यांच्याकडे गणपतीआधी माळा झाडतात. ते काम सुनेचं. सुरेखाला शिडी चढवेना. आक्काचे गुडघे धरलेले. सुरेखा तरी चढणारच होती. मग एका दुपारी, सगळे शेतात असताना, मारुतीनं तिच्या हातातला साळुता काढून घेतला. केरसुणीला तिकडं साळुता म्हणतात. आणि बाप्या माणसाच्या हातात साळुता गावात कुणी बघितला तर लग्नाच्या पंगतीपर्यंत चेष्टा पुरते. म्हणून त्यानं माळ्याचं दार लावलं. खिडकीला पोतं लावलं. आणि धूळ बाहेर गेली तर खालून कुणी विचारेल म्हणून फट राहिली होती तिथं धोतर कोंबलं. एकटा, दोन तास, वर्षाची धूळ.

"खोकून खोकून जीव गेल्ता," तो म्हणाला. "सुरेखाला म्हनलं, कुनाला सांगू नगं. तिनं न्हाय सांगितलं. दवाखान्यात डागदरनं इचारलं, घान कुठं साफ केलासा काय? म्या म्हनलं, न्हाय. आबा म्होरंच हुतं की."

मी बोटं मोजली. माळा झाडला गणपतीच्या आठवडाभर आधी. उंदरी त्याच्या नंतर. ताप त्याच्याही नंतर. म्हणजे सुरेखानं मुसळ उचललं तेव्हा दुखणं मारुतीच्या अंगात शिरलेलंही होतं. मामाला मारलं म्हणून काही झालं नव्हतं. बायकोला जपलं म्हणून, आणि ते कुणाला दिसू नये म्हणून झालं होतं.

"हे आबांना सांग," मी म्हणालो.

"तुमी सांगा की, पुण्याचं हायसा."

"मी शब्द दिलाय ना आत्ताच."

"व्हय," तो म्हणाला, आणि उठून म्हशीकडे गेला.

चतुर्थी

मारुतीनं गणपती डोक्यावरून आणला. आक्कानं त्याच्या पायावर पाणी घातलं. दुपारी मला दुकानातून बोलावणं आलं की बाईंचा फोन आहे. गावात फोन एकच, शिवलिंगअण्णांच्या किराणा दुकानात. अण्णा गिऱ्हाईकाशी मराठीत आणि वजनकाट्याशी कानडीत बोलायचे.

लाइन खरखरत होती. बाई म्हणाल्या, दुसऱ्या तपासणीचंही उत्तर तेच आलं. मारुतीला झाला तो उंदराचाच आजार. पुढचं त्या काय बोलल्या ते मला ऐकू आलं नाही, कारण आनंदानं मी ओरडू लागलो होतो. आणि दुकानात चार माणसं होती, सणाचा दिवस होता, म्हातारीनं दिलेली सूचना माझ्या डोक्यात पक्की होती.

"म्हणजे सगळा दोष मामाचा," मी ओरडलो. "सुरेखाचा काही नाही. मामाचाच. हो, मामाला धरून ठेवलंय. पिंजऱ्यातच आहे. उद्या तुम्ही आलात की सुई टोचू. पळत नाही, मी कडी घातलीय."

फोन ठेवला. अण्णा माझ्याकडे बघत होते. दारात दुधाच्या गाडीवाला कॅन उतरवायचा थांबला होता. मी त्याला नमस्कार केला. त्यानं काही केला नाही.

हा गाडीवाला सुरेखाच्या माहेरच्या गावचा, हे मला कुणी सांगायला हवं होतं. आणि सुरेखाला सख्खा भाऊ होता. कल्लाप्पा त्याचं नाव. म्हणजे तिच्या पोराचा मामा.

उंदरी

सकाळपासून गावभर मटणाचा वास. बाई जीपनं आल्या होत्या. गणपतीपुढचा पडदा ओढलेला. आक्का आंबोळ्या घालत होती. मी खोपीत मास्क, चष्मा, मोजे चढवून पहिला पिंजरा हातात घेतला होता, तेवढ्यात अंगणात टेम्पो थांबला.

"कोन हाय त्यो पुण्याचा?" असा आवाज आला. "मला पिंजऱ्यात घालनारा जल्मला कुठं, बघू तरी."

मी बाहेर आलो. टेम्पोच्या पुढं एक आडवा-तिडवा गडी उभा होता. त्याच्या मागं, टेम्पोतून उतरावं की नाही अशा बेतात, एक बाई, आणि तिच्या कडेवर मूल. न्यायला माणूस आल्याशिवाय यायचं नाही ही रीत खरी, पण भांडायला यायला कुणाचं बोलावणं लागत नाही.

कल्लाप्पा आबांना म्हणत होता, "वरीसभर माझ्या भनीला दोष दिलासा. आता माझा दोष काढलासा. म्या काय केलंय? आनि सुई कसली टोचताय मला?"

आबा चक्रावले. "तुला कोन काय म्हनलं?"

"ह्यो पुन्याचा. फोनवर. मामाचा दोष, मामाला धरलाय, कडी घातलीया."

सगळं अंगण माझ्याकडे वळलं. काहीतरी बोलणं भाग होतं.

"मामा हा आहे," मी म्हणालो, आणि पिंजरा वर केला.

पिंजऱ्यातला मामा मागच्या पायांवर उभा राहिला. कल्लाप्पानं त्याच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. बाईंनी कपाळाला हात लावला. बहुतेक तिथंच सगळे हसले असते आणि कल्लाप्पा तसाच टेम्पो वळवून गेला असता. पण मी पिंजरा घेऊन आणखी दोन पावलं पुढं गेलो, समजावून सांगायला. आणि सुरेखाच्या कडेवरच्या पोरानं मोठा चष्मा, पांढरा मास्क आणि कोपरापर्यंत रबरी हात असलेलं काहीतरी आपल्याकडे येताना पाहिलं.

त्यानं भोकाड पसरलं. असं की गोठ्यातली म्हैस उठली.

आबा कधी पुढं झाले ते मला दिसलंच नाही. एवढंच दिसलं की पोर त्यांच्या खांद्यावर होतं आणि ते माझ्याकडे पाठ करून उभे होते.

"पोराला भ्या घालतुयस व्हय रं," ते मला म्हणाले. "हो मागं."

पोर हुंदके देत होतं. मग त्याला मिशी सापडली. त्यानं ती दोन्ही हातांनी धरली. आबांनी मिशी सोडवून घेतली नाही. वाकडी मान करून तसेच उभे राहिले. आक्का उलथनं हातात घेऊन दारात आली होती. तव्यावरची आंबोळी करपल्याचा वास सगळ्यांना आला, पण कुणी हललं नाही.

बाईंनी मग सगळं सांगितलं, सोप्या भाषेत. रक्तात काय सापडलं, धूळ कशी नाकात जाते. आबा ऐकत होते, पोरगं मिशी ओढत होतं.

"म्हंजी धुळीतनं," आबा म्हणाले. "पर माळा तर हिनं झाडला. हिला कसं न्हाय झालं? त्येलाच कसं?"

बाई माझ्याकडे बघू लागल्या. मी माझ्या बोटांकडे. शब्द दिलेला होता.

"माळा म्या झाडला हुता, आबा," मारुती म्हणाला. "गनपतीच्या आदी. दार लावून."

"तू? साळुत्यानं?"

"व्हय."

"दार कशाला लावलास?"

 उत्तर सुरेखानं दिलं. अंगणात पाऊल टाकल्यावर तिचं ते पहिलं वाक्य. "तुमी हसला असता म्हनून."

आबांनी सुनेकडे बघितलं. मला वाटतं, वर्षभरात पहिल्यांदाच. "तुला ठावं हुतं?"

"सांगू नगं म्हनालं हुतं."

 आबा पोराला घेऊन पायरीपर्यंत गेले, परत आले. मग सुनेला म्हणाले, "हात-पाय धू. मामाचं पान तू वाढ."

आक्कानं या वेळी भाषांतर केलं नाही. गरज नव्हती.

सुरेखानं केळीच्या पानावर आंबोळी, मटण, भात वाढला आणि पान माळ्याच्या शिडीखाली ठेवलं. मग आमची पंगत. ऋषिपंचमीला जन्मात कांदा न खाल्लेला मी त्या दिवशी फक्त रस्सा घेतला. तीनदा. ही गोष्ट आईला कधी सांगितली नाही.

जेवणं झाल्यावर आबा म्हणाले, "मारुती, माळ्यावरचं लाकूड काढ खाली."

"कसलं लाकूड?"

"ह्या पुनेकराला ठावं हाय."

पांगुळगाडा खाली आला. आक्कानं तो बघितला आणि नवऱ्याकडे बघितलं, आणि दांडीवरचं झबलं काढून आत नेलं. बाईंनी मात्र गाडा पोराजवळ जाऊ दिला नाही. आधी ब्लीचिंगच्या पाण्यानं तीनदा धुवायला लावला. धुताना दिसलं की पुढचं चाक एका बाजूनं पार कुरतडलेलं होतं. बाकीची दोन गुळगुळीत. नेमकं तेवढंच का, याचं उत्तर अंगणात फक्त एका माणसाला माहीत होतं. पिंजऱ्यातल्या लोण्याला न शिवलेल्या मामांनी चाकावर सांडलेलं बरोबर शोधून काढलं होतं. मी तेव्हा काही बोललो नाही. आज लिहून मोकळा होतोय.

आबांनी चाक कल्लाप्पापुढं धरलं. "मामानं खाल्लंय."

"कुठल्या मामानं?" कल्लाप्पा अजून सावध होता.

"कुठल्या का हुईना. दोष मामाचा, तर भरून मामानंच द्यायचं. पटाशी हाय आत, फनसाचा तुकडा हाय."

कल्लाप्पानं थोडा वेळ चाक उलटसुलट केलं. मग शर्टाच्या बाह्या दुमडल्या आणि पायरीवर बैठक मारली. भांडायला आलेला माणूस संध्याकाळपर्यंत चाक तासत बसला. मधून मधून तो नाराजीनं म्हणायचा, "धा म्हैन्यांनी बोलावलासा, त्येबी फोनवर शिव्या देऊन," आणि आबा म्हणायचे, "गोल कर, गोल. अंडं नगं."

अंगणभर लाकडाचा भुसा पडला. मारुती आत गेला आणि साळुता घेऊन आला. दुसऱ्या हातात पाण्याचा तांब्या. समोरून गणपती बघायला जाणारी माणसं जात होती; बायका थांबल्या, दोन-चार पोरं थांबली. त्यानं आधी पाणी शिंपडलं, नीट, सगळीकडे. मग वाकून झाडायला लागला. कान लाल झालेले मला दिसत होते, पण थांबला नाही. सुरेखा दाराच्या चौकटीला टेकून उभी होती. साळुता घ्यायला ती पुढं आली नाही, याचं मला फार बरं वाटलं.

आबा पोराला मांडीवर घेऊन बघत होते. मला वाटलं, आता हसतात.

"कोपरा ऱ्हायला बघ," ते म्हणाले. "तुळशीमागचा."

मारुतीनं तुळशीमागचा कोपरा झाडला.

पुणे

बाईंनी दुसऱ्या दिवशी मामांचं रक्त काढलं. माझं काम मी पाठमोरा उभा राहून केलं, म्हणजे नळ्यांवर चिठ्ठ्या चिकटवल्या. परतताना जीपमध्ये बाई म्हणाल्या, "लिमये, तुम्हाला यापुढं फोन वापरायला बंदी." मग गडहिंग्लज येईपर्यंत काही बोलल्या नाहीत आणि गडहिंग्लजला एकदम हसत सुटल्या.

आमचा पोटमाळा दर दिवाळीआधी बायको साफ करते. लग्नाला सोळा वर्षं झाली होती, आणि ती वर कशी चढते हे मी कधी बघितलं नव्हतं. त्या वर्षी मी चढलो. आधी खिडकी उघडली, तोंडाला फडकं बांधलं, पाणी शिंपडलं, मग झाडू. समोरच्या गच्चीवरून जोशीकाका बघत होते. मी खिडकी उघडीच ठेवली.

खाली उतरलो तेव्हा बायको कंबरेवर हात ठेवून वर बघत होती. शेजाऱ्यांना हाक मारायची गरज पडली नाही याचं तिला आश्चर्य वाटलं असावं. स्टुलावर चढून तिनं आत डोकं घातलं, इकडे-तिकडे बघितलं.

"कोपरा राहिला," ती म्हणाली.

मी परत चढलो.